पालिका दरबारी : ‘ठराव मंजूर’ म्हणजे रस्ता मंजूर नव्हे

राज्यातील २४६ नगरपरिषदा आणि ४२ नगरपंचायतींसाठी २ डिसेंबर २०२५ रोजी मतदान झाले, काही ठिकाणी ते २० डिसेंबरला घ्यावे लागले आणि २१ डिसेंबरला एकत्रित मतमोजणी झाली. यांपैकी बहुतेक शहरांनी त्याआधीची सुमारे चार वर्षे प्रशासकांच्या अमलाखाली काढली होती. साहजिकच निकालानंतर या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा ओघ वाढला आहे. पत्रलेखकांच्या विनंतीवरून त्यांची आणि त्यांच्या शहरांची नावे दिलेली नाहीत, आणि पत्रे थोडक्यात दिली आहेत.

प्रश्न : आमच्या गल्लीतील काँक्रीट रस्त्याला मंजुरी मिळाल्याची बातमी पावणेदोन वर्षांपूर्वी, प्रशासकांच्या काळात, स्थानिक वृत्तपत्रात आली होती. त्यानंतर नारळही फुटला. रस्ता मात्र अजून मातीचाच आहे. नव्या नगरसेवकांना विचारले तर ते म्हणतात, “तो जुना ठराव होता, आता तो चालत नाही.” हे खरे आहे का, आणि आम्ही दाद कोणाकडे मागावी? (एक ज्येष्ठ नागरिक, पश्चिम महाराष्ट्र)

उत्तर : नगरसेवकांचे म्हणणे बरोबर नाही. नगरपरिषदेची मुदत संपल्यावर नेमलेला प्रशासक परिषदेचेच अधिकार वापरतो, त्यामुळे त्याने केलेला ठराव हा परिषदेचाच ठराव असतो आणि निवडणूक झाली म्हणून तो आपोआप रद्द होत नाही. नव्या सभागृहाला तो नको असेल तर त्यांनी तसा रीतसर ठराव करावा आणि तो इतिवृत्तात नोंदवावा. तोंडी ‘चालत नाही’ या उत्तराला काही अर्थ नाही.

परंतु आपली खरी अडचण वेगळीच असावी, असे मला वाटते. ‘रस्त्याला मंजुरी’ ही बातमी ज्या ठरावावरून लिहिली जाते, त्या ठरावाची शेवटची ओळ बातमीत क्वचितच येते. ती बहुधा अशी असते : ‘निधी उपलब्धतेच्या अधीन राहून मान्यता देण्यात येत आहे.’ मी स्वतः एका नगरपरिषदेच्या लेखा विभागात बरीच वर्षे काम केले आहे. या ओळीखाली निवांत झोपलेले किती रस्ते, गटारी आणि समाजमंदिरे मी पाहिली, याची मोजदाद नाही.

ठराव ही सुरुवात असते. त्यानंतर नगर अभियंत्याने शासनाच्या दरसूचीप्रमाणे अंदाजपत्रक तयार करावे लागते. त्याला सक्षम अभियंत्याची तांत्रिक मान्यता घ्यावी लागते, आणि ज्या योजनेतून पैसा येणार असेल त्या योजनेच्या नियमाप्रमाणे जिल्हाधिकारी किंवा नगरविकास विभाग यांची प्रशासकीय मान्यता लागते. मग ऑनलाइन निविदा निघते, निविदा मंजूर होते, ठेकेदार अनामत भरतो आणि त्याला कार्यादेश दिला जातो. कार्यादेशावर क्रमांक, दिनांक, रक्कम आणि काम संपवण्याची मुदत असते. माझ्या लेखी रस्ता मंजूर झाला तो या दिवशी. नारळ यांपैकी कोणत्याही टप्प्यावर फुटू शकतो, कारण नारळाला तांत्रिक मान्यता लागत नाही.

पैशाची बाजूही समजून घ्यावी. नगरपरिषदांच्या हातात पूर्वी जकातीचे रोजचे रोख उत्पन्न असे. नगरपरिषद क्षेत्रातील जकात १९९९ साली बंद झाली आणि तिच्या बदल्यात शासनाकडून सहायक अनुदान येऊ लागले. ते बहुतांश पगारातच जाते. घरपट्टी आणि पाणीपट्टीतून दिवाबत्ती, पाणी उपसण्याचे वीजबिल आणि किरकोळ दुरुस्त्या कशाबशा भागतात. म्हणून मोठ्या रस्त्यांसाठी नगरोत्थान, जिल्हा नियोजन समिती किंवा वित्त आयोगाच्या निधीकडे डोळे लावून बसावे लागते. पंधराव्या वित्त आयोगाने आपल्यासारख्या शहरांना दिलेल्या निधीपैकी ६० टक्के रक्कम पाणीपुरवठा आणि स्वच्छता यांच्यासाठीच बांधून दिलेली होती, त्यामुळे ‘आयोगाचे पैसे आले आहेत तर रस्ता का होत नाही’ या प्रश्नाचे उत्तर बऱ्याचदा याच अटीत असते.

आता दाद कशी मागावी ते सांगतो. कोणत्याही कार्यालयात ‘आमच्या रस्त्याचे काय झाले’ असे विचारू नये, कारण या प्रश्नाला ‘प्रक्रियेत आहे’ हे एकच उत्तर असते आणि ते कधीही खोटे ठरत नाही. त्याऐवजी चार क्रमांक मागावेत : ठराव क्रमांक, तांत्रिक मान्यतेचा क्रमांक, प्रशासकीय मान्यतेचा क्रमांक आणि कार्यादेश क्रमांक. जो क्रमांक मिळणार नाही तिथे आपला रस्ता अडलेला आहे. हा अर्ज साध्या कागदावर मुख्याधिकाऱ्यांच्या नावाने दोन प्रतींत लिहावा, तो आवक-जावक टेबलावर द्यावा आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय तिथून हलू नये. ‘साहेब मीटिंगला गेलेत, ठेवून जा’ असे सांगितले जाईल. आवक लिपिकाला शिक्का मारण्यासाठी साहेब लागत नाहीत, हे त्याला हसतमुखाने सांगावे.

महिनाभरात उत्तर आले नाही तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज करावा. दहा रुपयांचे शुल्क, एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा, हे महाराष्ट्राच्या नियमांतले तीन मुद्दे सांभाळावेत, म्हणजे अर्ज त्याच कारणांवरून परत येणार नाही. माहिती ३० दिवसांत मिळाली पाहिजे. ती न मिळाल्यास पुढील ३० दिवसांत त्याच कार्यालयातील प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे अपील करावे आणि तिथेही निराशा झाली तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील करावे. एक जवळची वाटही आहे. शासनाच्या २०१८ च्या आदेशाप्रमाणे जिल्हा पातळीवरील आणि त्याखालील कार्यालयांत, स्थानिक स्वराज्य संस्थांसह, दर सोमवारी दुपारी तीन ते पाच या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहता येतात. सोमवारी जा, बांधकाम विभागात आपल्या प्रभागाची नस्ती मागा आणि टेबलाशी बसून शांतपणे वाचा. आदेशाची प्रत खिशात ठेवलेली बरी, कारण हा आदेश पुष्कळ टेबलांना अजून माहीत नाही.

आणि काम सुरू झालेच, तर मोजमाप पुस्तिका नावाची एक वही असते, तिची नक्कल मागावी. ठेकेदाराचे देयक या वहीतील लांबी, रुंदी आणि जाडीवरून निघते. वहीत जाडी पंधरा सेंटिमीटर लिहिलेली असेल तर रस्त्याच्या कडेला, माती भरण्यापूर्वी, शाळेतल्या पट्टीनेसुद्धा ती पाहता येते. आमच्या शहरातील एका निवृत्त शिक्षिकेने नेमके असेच केले होते. त्या पट्टी घेऊन उकिडव्या बसल्या तेव्हा ठेकेदाराचा मुकादम आधी हसला आणि नंतर त्याने कोणाला तरी फोन लावला. त्या गल्लीचा उरलेला रस्ता पुरेशा जाडीचा झाला.

प्रश्न : आमच्या शहरात नगराध्यक्ष एका पक्षाचे निवडून आले आणि सभागृहात बहुमत दुसऱ्या पक्षाचे आहे. शिवाय आमच्या प्रभागात दोन नगरसेवक आहेत आणि दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतात. तक्रार नेमकी कोणाकडे करावी? (एक गृहिणी, विदर्भ)

उत्तर : नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडण्याची पद्धत २०१६ साली आली, २०२० मध्ये ती रद्द झाली आणि २०२२ मध्ये पुन्हा आणली गेली. या पद्धतीत आपण पाहता तशी परिस्थिती उद्भवणे स्वाभाविक आहे, कारण मतदार अध्यक्षासाठी वेगळे मत देतो आणि सदस्यांसाठी वेगळे. नगराध्यक्ष सभेचे अध्यक्षस्थान भूषवतात, विषयपत्रिकेवर त्यांचा प्रभाव असतो आणि कायद्याने त्यांना काही आर्थिक व कार्यकारी अधिकारही दिलेले आहेत, परंतु धोरणाचा आणि मोठ्या खर्चाचा विषय सभागृहाच्या बहुमताने मंजूर व्हावा लागतो. विरोधी बहुमत असलेल्या सभागृहात त्यामुळे अर्थसंकल्पाची सभा मध्यरात्रीपर्यंत चालू शकते. एखादा ठराव कायद्याच्या विरोधात किंवा लोकहिताला बाधक वाटल्यास जिल्हाधिकारी १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमातील कलम ३०८ खाली त्याला स्थगिती देऊ शकतात. निवडणुकीनंतरच्या वर्षात ‘३०८ खाली गेले’ हा वाक्प्रचार आपल्या कानावर वारंवार पडेल.

तक्रारीसाठी मात्र या राजकारणात पडण्याची गरज नाही. गटार तुंबली, दिवा बंद पडला, नळाला गढूळ पाणी आले, ही प्रशासनाची कामे आहेत आणि प्रशासनाचे प्रमुख मुख्याधिकारी आहेत. त्यांची नेमणूक शासन करते, त्यामुळे सत्ता कोणाची आली यावर त्यांची जबाबदारी अवलंबून नसते. तक्रार त्यांच्या नावाने द्यावी आणि प्रती नगराध्यक्षांना व आपल्या प्रभागातील दोन्ही सदस्यांना द्याव्यात. दोन्ही नगरसेवक आपलेच आहेत. आपण त्या दिवशी एकूण तीन मते दिली होती, दोन सदस्यांसाठी आणि एक अध्यक्षांसाठी. गल्लीची अर्धी बाजू एकाची आणि अर्धी दुसऱ्याची, अशी वाटणी कायद्यात नाही.

प्रश्न : या वर्षी घरपट्टीचे बिल जवळपास दुप्पट आले आहे. वर बिलात शिक्षण कर, रोजगार हमी कर, वृक्ष कर असे बरेच रकाने आहेत. शेजारी सांगतात, भरू नका, सगळे मिळून मोर्चा काढू. (एक छोटे दुकानदार, मराठवाडा)

उत्तर : मोर्चा अवश्य काढावा, परंतु बिलाकडे दुर्लक्ष करू नये. मुदतीत न भरलेल्या करावर दरमहा दोन टक्के शास्ती लागते, म्हणजे वर्षाला चोवीस टक्के. मोर्चा विसरला जातो, शास्ती विसरली जात नाही. शासन अधूनमधून शास्तीमाफीची अभय योजना आणते हे खरे, पण तिच्या भरवशावर घर चालवू नये.

वाढीचे कारण बहुधा चतुर्वार्षिक फेरआकारणी हे असावे. नगरपरिषदेला दर चार वर्षांनी आकारणी यादी सुधारावी लागते. काही शहरांत हे काम वर्षानुवर्षे रखडते आणि मग अनेक वर्षांची वाढ एकाच बिलात दिसते. मालमत्तेचे वार्षिक भाडेमूल्य ठरवून त्यातून दुरुस्तीपोटी १० टक्के वजा केले जातात, आणि उरते त्या करयोग्य मूल्यावर कराचा दर लागतो. चूक शोधायची ती भाडेमूल्य ज्यावरून ठरले त्या नोंदींमध्ये. पालिकेत जाऊन आपल्या मालमत्तेच्या आकारणी नोंदवहीचा उतारा घ्यावा आणि चार गोष्टी तपासाव्यात : मोजलेले क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार, बांधकामाचे वर्ष आणि वापर. पत्र्याची शेड आरसीसी म्हणून लागली आहे, जिन्याखालची अडगळ दुकान म्हणून धरली आहे, चाळीस वर्षांचे घर नवे म्हणून नोंदले आहे, अशा चुका मोजणीसाठी बाहेरून नेमलेल्या पथकांकडून सर्रास होतात. त्यांतली मुले टॅब घेऊन सकाळी एका गल्लीत शिरतात आणि दुपारपर्यंत दुसऱ्या टोकाला बाहेर पडतात.

फेरआकारणीची यादी प्रसिद्ध झाल्यावर हरकतीसाठी मुदत दिली जाते. त्या मुदतीत लेखी हरकत द्यावी, आवक शिक्का घ्यावा आणि सुनावणीच्या दिवशी नकाशा, वीजबिल व छायाचित्रे घेऊन स्वतः हजर राहावे. ‘कर परवडत नाही’ ही हरकत ऐकली जात नाही, पण ‘क्षेत्रफळ ६० चौरस मीटर आहे, ९० लागले आहे’ ही ऐकावीच लागते.

रकान्यांविषयी सांगायचे तर शिक्षण कर आणि रोजगार हमी कर हे राज्य शासनाचे आहेत, नगरपरिषद ते फक्त गोळा करून शासनाकडे भरते. यांतील रोजगार हमी कर निवासी वापरावर लागत नाही. आपले घर आणि दुकान एकाच इमारतीत असेल तर घराच्या भागावर तो लागला आहे का, हे आवर्जून पाहावे. आणखी एक गैरसमज येथेच दूर करतो, कारण त्याविषयी स्वतंत्र तीन पत्रे आली आहेत : घरपट्टी आपल्या नावाने येते म्हणून जागेची मालकी सिद्ध होत नाही. अनधिकृत बांधकामालाही घरपट्टी लागते, आणि तो अधिकृततेचा दाखला नव्हे.

प्रश्न : सर्वसाधारण सभेला सामान्य नागरिकाला बसता येते का? (एक महाविद्यालयीन विद्यार्थी, कोकण)

उत्तर : येते. सभा लोकांसाठी खुली असते. एखाद्या विषयापुरती ती बंद ठेवायची तर सभागृहाला तसे ठरवावे लागते. आपल्याला बोलता येणार नाही, फक्त ऐकता येईल. दोन महिन्यांतून किमान एक सर्वसाधारण सभा व्हावी लागते आणि तिची विषयपत्रिका सूचना फलकावर लागते. खेड्यातील माणसाला ग्रामसभेत उभे राहून सरपंचांना प्रश्न विचारता येतो. त्याच गावाची नगरपंचायत झाली की त्याचा हा हक्क जातो आणि त्याच्या हाती मागच्या बाकावरची ही एक खुर्ची उरते. या देवघेवीत गावाने नेमके काय मिळवले, याचा हिशेब अजून कोणी नीट मांडलेला नाही. आपण जाऊन बसा. प्रेक्षक असले की सभागृहातील भाषा बरीच सुधारते, असा माझा अनुभव आहे.

प्रश्न : मुलीचा जन्म २०२४ चा. रुग्णालयाने नोंद पाठवली, पण दाखल्यावर तिचे नाव नाही, फक्त ‘स्त्री’ असे लिहिले आहे. पालिकेत तीन खेपा झाल्या. (एक वाचक, खानदेश)

उत्तर : नोंद २१ दिवसांच्या आत झालेली असल्यामुळे मुख्य काम झालेले आहे. नाव नंतर घालता येते. जन्मनोंदणीनंतर बारा महिन्यांपर्यंत ते विनाशुल्क होते आणि त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून करता येते. आई-वडिलांचा अर्ज आणि ओळखपत्रे जोडावीत. नावाचे स्पेलिंग दोन्ही लिप्यांत तपासून मगच सही करावी, कारण दुरुस्ती हा नाव घालण्यापेक्षा कितीतरी कटकटीचा मामला आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीप्रमाणे, त्या दिवशी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेश, वाहन परवाना, मतदारनोंदणी अशा कामांत जन्मतारखेचा पुरावा हा जन्मदाखलाच राहणार आहे. तेव्हा हे पुढे ढकलू नये.

चौथी खेप मारण्यापूर्वी एवढे करावे. जन्म दाखला देणे ही महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अधिसूचित सेवा आहे. अशा प्रत्येक सेवेची मुदत, शुल्क आणि पदनिर्देशित अधिकाऱ्याचे पदनाम कार्यालयात फलकावर लावणे बंधनकारक आहे. नाव घालून दिलेल्या दाखल्याची मागणी अर्जात स्पष्ट लिहावी आणि अर्जाची पोच घ्यावी. मुदत टळली तर प्रथम अपील करावे. विनाकारण विलंब करणाऱ्या अधिकाऱ्यास ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. फलक शोधताना कपाटामागे पाहावे, तो अनेकदा तिथे असतो.

प्रश्न : आम्ही घरी ओला-सुका कचरा वेगळा करतो आणि घंटागाडीवाला आमच्या डोळ्यांदेखत दोन्ही एकत्र ओततो. मग आम्ही हा खटाटोप कशासाठी करावा? (एक महिला बचत गट, पश्चिम महाराष्ट्र)

उत्तर : आपला संताप योग्य आहे. घरातच वर्गीकरण करण्याचे बंधन २०१६ च्या नियमांनी नागरिकांवर घातले, त्याच नियमांनी तो वेगळाच उचलण्याचे बंधन नगरपरिषदेवरही घातले. दोष बहुधा गाडीवरच्या माणसाचा नसतो. गाडीत मधला पत्रा नसतो, किंवा असला तरी पुढे डेपोवर दोन्ही एकाच ढिगावर टाकायचे असतात, आणि हे त्याला आपल्याआधी कळलेले असते. म्हणून पाठपुरावा गाडीपासून न करता डेपोपासून उलटा करावा. खतनिर्मिती चालू आहे का, सुका कचरा कोण घेऊन जातो, त्याचा करार कोणाशी आहे आणि करारातील अटी काय आहेत, हे विचारावे. सिंधुदुर्गातील वेंगुर्ले नगरपरिषदेने कचऱ्याचे बारीक वर्गीकरण करून जुन्या कचरा डेपोच्या जागी उद्यान उभे केले. ते शहर लहान आहे आणि त्याची तिजोरीही लहान आहे. तिथे हे जमले ते डेपोवरची व्यवस्था आधी उभी राहिली म्हणून. गल्लीतल्या बादल्यांचा क्रम त्यानंतर लागतो.

आपला बचत गट असल्यामुळे आणखी एक सुचवतो. आठवडाभर रोज एकाच वेळी गाडीचे छायाचित्र घ्या, गाडीचा क्रमांक दिसेल असे, आणि सातही छायाचित्रे एका अर्जाला जोडा. ठेकेदाराच्या करारात मिश्र कचऱ्यासाठी दंडाची अट असेल, तर देयक काढणाऱ्या लिपिकाला या सात चित्रांकडे डोळेझाक करणे अवघड जाते.

प्रश्न : व्हॉट्सॲपवर ‘उद्यापासून चार दिवस पाणी बंद’ असा संदेश फिरला. आम्ही टाक्या, पिंपे, अगदी पातेलीसुद्धा भरून ठेवली, आणि सकाळी नेहमीप्रमाणे पाणी आले. खरी सूचना ओळखायची कशी? (एक वाचिका, उत्तर महाराष्ट्र)

उत्तर : नगरपरिषदेच्या जाहीर सूचनेवर वरच्या कोपऱ्यात जावक क्रमांक आणि दिनांक असतो, तळाशी सही आणि पदनाम असते. छायाचित्रात वरचा कोपरा कापलेला असेल तर संदेश पुढे पाठवू नये. त्याखेरीज पाणीपुरवठा बंद असल्याची रिक्षातून दवंडी अजूनही बहुतेक शहरांत फिरते. शंका असेल तर पाण्याच्या टाकीवर जाऊन व्हॉल्व्हमनला विचारावे. कोणत्या भागाला किती वाजता पाणी सोडायचे हे त्याला तोंडपाठ असते आणि तो व्हॉट्सॲपवर नसतो. भरलेल्या पातेल्यांतले पाणी आता झाडांना घालावे.